टाचेचा बांध

महिपत मुकादम ठाण्याहून राणीच्या नावाचे लाडू घेऊन आला, तेव्हा सगुणा मिठाच्या आगरात घोटाभर चिखलात उभी होती. विलायतेच्या राणीला गादीवर बसून पन्नास वर्षं झाली म्हणून ठाण्यात कमानी उभारल्या होत्या, पोरांना खाऊ वाटला होता आणि कचेरीपुढे वाजंत्री लावली होती. महिपतने हे सगळं बांधावर उभं राहून सविस्तर सांगितलं, कारण थोडक्यात सांगायची त्याला सवयच नव्हती. एकेका कमानीला केळीचे किती खुंट लागले तेही त्याने मोजून आणलं होतं. मग एक लाडू तिच्यापुढे धरून, जाता जाता सांगावं तसं तो म्हणाला की राणीने खुशीत येऊन काळ्या पाण्यावरचे पुष्कळ कैदी सोडलेत आणि त्या यादीत तिच्या नवऱ्याचं, काळुरामचं, नाव आहे.

सगुणाचे दोन्ही हात चिखलाने भरले होते. लाडू कसा घ्यावा ते तिला कळेना. महिपतने तो बांधावरच्या दगडावर ठेवला आणि तो लगबगीने गावात निघाला, कारण ही बातमी अजून बऱ्याच घरी सांगायची राहिली होती. लाडवाला मुंग्या लागल्या. सगुणाने त्या दिवशी उरलेलं मीठ ओढलं, रास लावली, फावडं धुतलं आणि मग घरी गेली. आनंद झाला का, असं तिला कोणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. पहिल्यांदा तिच्या मनात आलं ते इतकंच, की मडक्यातले तांदूळ आता दोघांना पुरवायचे कसे. तेवढ्यात तिला शपथ आठवली आणि तांदळाची काळजी मागे पडली.

ती गोष्ट एकोणीस वर्षांपूर्वीची. ठाण्याच्या खाडीला लागून दोन आगरं होती, एक काळुरामचं, एक भिवाचं. दोन्हींना खाडीचं पाणी एकाच उघाडीतून, बांधातल्या फळीच्या दारातून, येई. काळुरामचे आईबाप पटकीत गेले होते, तेव्हा भिवाच्या बापानेच त्याला भिवाच्या बरोबरीने चिखलात उभं केलं आणि हाताला धरून काम शिकवलं. एका ताटात जेवलेली ही दोन पोरं. पुढे भिवाचा बाप वारला, काळुरामचं लग्न झालं, आणि एका वैशाखात, भांगाची, म्हणजे लहान, भरती लागून पाणी कमी पडलं असताना, उघाडी आधी कोणी उघडायची यावरून दोघांची जुंपली. आईबहिणीवरून शिव्या झाल्या. काळुरामच्या हातात फावडं होतं. त्याने ते उचललं, आणि मग भिवा उठला नाही.

ठाण्याच्या साहेबाने काळुरामला जन्मठेप दिली. कारकुनाने ते मराठीत समजावून सांगितलं. जन्मभर काळ्या पाण्यावर, परत येणं नाही. फाशी चुकली म्हणून कोणी देवाला नारळ फोडला नाही. जो परत यायचा नाही तो मेल्यासारखाच, असं गावाने धरलं आणि सगळे आपापल्या कामाला लागले.

सगुणा तेव्हा एकोणीस वर्षांची होती, पोटी मूलबाळ नव्हतं. खुन्याच्या बायकोला गावात ठेवू नये असं बऱ्याच जणांचं मत होतं. शिक्षा लागल्यावर आठ दिवसांनी भिवाची आई आवडाबाई तिच्या दारात आली. तिच्या मुठीत मीठ होतं. ती म्हणाली की मला एकटीला आगर ओढवत नाही, तुलाही ओढवणार नाही. दोघींनी मिळून दोन्ही आगरं करू, पिकेल ते वाटून घेऊ, तुला इथून कोणी हलवणार नाही. फक्त एक कर. तो कधी परत आला तर त्याला उंबऱ्याच्या आत घेणार नाहीस आणि तुझ्या हाताने त्याला भाकर-पाणी देणार नाहीस, हे मिठावर हात ठेवून सांग.

सगुणाने हात पुढे केला. तिने क्षणभरसुद्धा विचार केला नाही. काळ्या पाण्यावरून माणूस परत आल्याचं त्या गावात कोणी ऐकलं नव्हतं. उद्या सूर्य उगवला नाही तर काय करशील, असं कोणी विचारावं तितकीच ती गोष्ट तिला दूरची वाटली. पुढे आयुष्यभर तिला चुटपुट लागून राहिली ती या घाईची. कारण आगरी माणूस दुसरी कुठलीही शपथ मोडेल, देवाची मोडून देवालाच समजावून सांगेल, पण मिठाची मोडणार नाही. मोडली तर आगर पिकत नाही. हे खरं की खोटं हे पाहायलाही त्या गावात कोणी ती मोडून पाहिली नव्हती.

एकोणीस वर्षं दोघींनी आगरं ओढली. मिठाने पायांच्या टाचा चिरल्या, चिरांत मीठ गेलं, त्यावर दोघींनी एकमेकींच्या पायांना खोबरेल चोळलं. पहिली दोन वर्षं आवडाबाई तिच्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या वर्षी सगुणाला हिवताप आला तेव्हा म्हातारी नऊ दिवस तिच्या उशाशी बसली, आणि दहाव्या दिवशी, मी का बसले कोण जाणे, असं म्हणून उठून गेली. पुढे मिठावरच्या उन्हाच्या तिरिपेने म्हणा की वयाने म्हणा, म्हातारीचे डोळे गेले. मग ती बांधावर बसून सगुणाच्या बांगड्यांच्या आवाजावरून काम कुठवर आलं ते ओळखायची. उगाच थांबलीस का, असं तिथून ओरडायची. नवरा कुठे का असेना, जिवंत आहे, म्हणून सगुणा हातात चार चार हिरव्या बांगड्या ठेवून होती, आणि म्हातारीला त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की कासार यायला उशीर झाला तर तीच चौकशी करी.

काळुराम चैत्रात आला. मुंबईच्या बंदरात उतरवलेला, तिथून रुळांच्या कडेकडेने चालत आलेला. सगुणा दारात भात पाखडत होती. समोर वाळलेला, पांढऱ्या केसांचा एक माणूस उभा होता, त्याच्या दोन्ही घोट्यांभोवती बेडीचे काळे वळ होते. तिने त्याला ओळखलं ते त्या उभं राहण्यावरून. एक खांदा खाली सोडून तो उभा राहायचा. सूप तिच्या हातातच राहिलं.

"सगुने," तो म्हणाला, "साहब बोला, जाव. मी आयलो."

ती उठून दारात आडवी उभी राहिली. पदर नीट घेतला. तिला रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता, आणि या दोन्हींच्या वर त्याला बसायला पाट द्यावा असंही वाटत होतं. तिने त्याला शपथेचं सांगितलं. सांगताना ती त्याच्या पायांकडे पाहत होती. त्याने ऐकून घेतलं आणि कोणाची बाजू घ्यायची नसावी तशी मान हलवली. तिकडे आम्हालाही रोज असंच सांगत, इकडे जायचं नाही, तिकडे बसायचं नाही, असं काहीतरी तो अर्धं हिंदुस्थानीत बोलला, आणि वळून आगराकडे चालू लागला. तो उघाडीपाशी जाऊन बसला. जिथे भिवा पडला होता तीच ती जागा, पण बसायला गावात दुसरी जागाच नव्हती.

गावाने आधी त्याला पाहून घेतलं. पोरं लांबून दगड मारून पळाली. महिपतने पंचांना विचारलं आणि येऊन सांगितलं की हा दोन घरांतला मामला आहे, आवडाबाई आपल्या हाताने त्याला पाणी देईल तर गाव देईल, नाहीतर गाव देणार नाही. सांगून झाल्यावर तो बराच वेळ बोलत राहिला, सरकारने सोडलं म्हणजे सगळ्यांनी सोडलं असं होत नाही वगैरे. सगुणा रोज एक भाकर उघाडीच्या फळीवर ठेवून यायची, शेजारी पाण्याचं गाडगं. हाताने देत नव्हती, फळीवर ठेवत होती. एवढी पळवाट तिने स्वतःसाठी ठेवली होती, आणि मिठाला ती चालेल की नाही याची भीतीही तिच्या मनात होती.

चार दिवसांनी संध्याकाळच्या जेवणाला ती नेहमीप्रमाणे आवडाबाईच्या घरी तिच्या पुढ्यात बसली आणि शपथ परत मागितली. म्हातारीला बातमी महिपतच्या तोंडून केव्हाच कळली होती, पण एवढ्या दिवसांत तिने त्यावर अवाक्षर काढलं नव्हतं. ती भातात आमटी कालवत होती.

"किती वर्सं झाली?" तिने विचारलं.

"एकोनीस, काकी."

"आनि भिवाला?"

"त्यालाबी एकोनीसच."

"मंग तो कवा येनार?"

म्हातारीने घास घेतला, चावला, गिळला. मग सावकाश बोलली की साहेबाने जन्म म्हटलं होतं. जन्म म्हणजे जन्म, असं मला कारकुनाने कचेरीत उभं करून सांगितलं होतं, आणि तेवढ्यावर मी गप्प बसले. विलायतेत कोणा बाईला आनंद झाला. तिने आपल्या आनंदात माझ्या भिवाचा न्याय वाटून टाकला, त्या लाडवांसारखा. मला विचारायला कोण आलं होतं? सगुणा म्हणाली की त्याने भोगलंय काकी, पाय बघ त्याचे. आणि लगेच तिला कळलं की बघ असं म्हणायला नको होतं. म्हातारी म्हणाली, मला त्याचे पाय दिसत नाहीत, मला भिवाचं डोकं दिसतं. मग तिने ताटातलं चिमूटभर मीठ उचलून, नेहमीसारखं, सगुणाच्या भातावर टाकलं. दोघी जेवल्या.

काळुराम एकदा मध्येच नाहीसा झाला. तीन दिवसांनी आला तेव्हा सगुणा फळीपासून थोड्या अंतरावर उभी राहिली आणि कुठे होतास असं तिने विचारलं. तो ठाण्याला गेला होता. किल्ल्यातल्या तुरुंगाच्या दारावर जाऊन त्याने शिपायाला परत आत घ्या म्हणून हात जोडले होते. शिपायाने कशाबद्दल घेऊ असं विचारलं. काळुरामने सांगितलं की खून केलाय. शिपाई म्हणाला, तो झाला की भोगून. आता दुसरा कर, मग ये. आजूबाजूचे सगळे हसले होते. हे सांगताना काळुराम स्वतःही थोडं हसला. तिकडे रोज मोजून काम होतं, मोजून भाकर होती, झोपायची जागा ठरलेली होती, हे तो एखाद्या बाईने माहेर सांगावं तसं सांगत होता. सगुणाला त्याची कीव आली आणि तिने त्याला शिव्या दिल्या. मोठ्याने नाही, मनातल्या मनात.

चैत्राच्या अमावास्येला उधाणाची भरती आली आणि वारा सुटला. दुपारी आवडाबाईच्या आगराचा खाडीकडचा बांध खचला. कोंड्यांत, आगराच्या वाफ्यांत, मीठ तयार होतं, दोन दिवसांत ओढायचं होतं. सगुणा धावली तेव्हा काळुराम आधीच पाण्यात होता. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. हाताने गाळ उचलून तो भगदाडावर टाकत होता, त्यावर आडवं गवत, त्यावर गाळ, आणि प्रत्येक थरावर चढून तो टाचेने दाबत होता. एक टाच, तिला अर्धी चिकटून दुसरी, एक आखूड, एक खोल. सगुणाने त्याच्याकडे गवताच्या पेंढ्या फेकल्या. त्याचा श्वास भात्यासारखा वाजत होता. संध्याकाळपर्यंत बांध बसला, पाणी थोपलं, मीठ राहिलं. त्या दुपारी नाही म्हटलं तरी सगुणा सुखी होती. एकोणीस वर्षांत तिला हे विसरायला झालं होतं की ओझ्याचं दुसरं टोक कोणी उचललं की ते हलकं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवडाबाईने मला बांधावर ने म्हणून हट्ट धरला. बांध तू एकटीने कसा राखलास, असं ती वाटेत विचारत होती. सगुणा म्हणाली, राखला कसातरी. बांधावर गेल्यावर म्हातारी गुडघ्यावर बसली आणि तळहाताने गाळ चाचपू लागली. गाळ वरून सुकला होता, टाचांचे खळगे तसेच होते. तिची बोटं एका खळग्यात गेली, तिथून दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. ती थांबली. मग पुन्हा पहिल्यापासून तिने चाचपलं.

"ह्यो भिवाचा बांध हाय," ती म्हणाली. तिचा चेहरा असा झाला होता की सगुणाला बघवेना. "माज्या भिवाची टाच हाय ही. त्याच्या बापानं शिकवलेली."

मग तिला समजलं. ती टाच तिच्या नवऱ्याने दोघा पोरांना शिकवली होती. दोघांतला एक एकोणीस वर्षांपूर्वी गेला. तिने हात झटकन काढून घेतला, लुगड्याला पुसला, आणि पुसून झाल्यावर परत त्याच खळग्यात ठेवला. ऊन वर आलं, आगरातल्या मिठावरून झळ येऊ लागली. काळुराम उघाडीपाशी उभा राहून हे पाहत होता. सगुणाला वाटलं, आता म्हातारी पाणी मागेल, त्याला द्यायला.

म्हातारी म्हणाली की बांध राहू दे. मोडू नको. पण त्याला सांग, इथून जा म्हणावं. तो इथं जिता आहे तोवर माझा भिवा रोज नव्याने मरतो, मला आता जास्त दिवस नाहीत, तेवढे मला नीट जाऊ देत. ती रागावली नव्हती. रागावली असती तर सगुणा भांडली असती.

सगुणा उघाडीपाशी गेली आणि सांगितलं. काळुरामने फळीवरची भाकर उचलून धोतराच्या सोग्यात बांधली. जाण्याआधी तो एवढंच म्हणाला की फावडं लागलं तेव्हा मला वाटलं होतं चिखलात बसलं. हे त्याने कोर्टात सांगितलं नव्हतं, तिलाही कधी नाही. मग तो रुळांच्या दिशेने गेला. सगुणाने त्याला हाक मारली नाही. त्या वर्षी मीठ चांगलं पिकलं.

पावसाळ्यात आगरं बुडाली. श्रावणात महिपत काही कामाला ठाण्याला गेला होता, तिथून आल्यावर तो सगुणाच्या दारात पहिल्यांदाच न बोलता उभा राहिला. तुरुंगाच्या भिंतीशी बसून राहणारा एक म्हातारा पावसात मरून पडला होता. शिपायांनी सांगितलेली घोट्यांची खूण जुळत होती. म्युनिसिपालिटीच्या माणसांनी त्याला नेलं. महिपतला जागा ठाऊक नव्हती. सगुणाने त्याला हात जोडून सांगितलं की हे म्हातारीला सांगू नका, गावालाही नको. महिपतसारख्या माणसाने ते पाळलं, यावरून काय ते समजावं.

तिने बांगड्या फोडल्या नाहीत, कुंकू पुसलं नाही. बांगड्या वाजायच्या थांबल्या तर म्हातारीला त्याच घटकेला कळलं असतं. आणि कळून तिला बरं वाटलं असतं, ते सगुणाला सोसलं नसतं. म्हणून ती रांड होऊन सवाष्णीच्या बांगड्या वाजवत हिंडली. जेवायला म्हातारीपुढे बसली की मुद्दाम हात हलवायची. घरी येऊन मात्र ती हात मांडीखाली दाबून धरी.

दिवाळीनंतर पाणी ओसरलं आणि दोघी आगरावर गेल्या. पावसाने सगळे बांध खाल्ले होते. आवडाबाई सगुणाचा खांदा धरून खाडीकडच्या बांधापर्यंत गेली आणि खाली बसली. तिने चाचपून पाहिलं. गाळ सपाट झाला होता, नुसता गुळगुळीत. ती गुडघ्यांवर रांगत पुढे गेली, मग मागे आली. बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिने हात फिरवला. सगुणाने तिला उठवायचा प्रयत्न केला, ती उठली नाही.

"तू दाब," ती म्हणाली. "तशी टाच दाब बगू."

सगुणाने गाळ टाकला, गवत आडवं घातलं, वर चढून टाच दाबली. एक टाच, तिला चिकटून दुसरी. तिने त्या दुपारी नीट पाहून ठेवलं होतं. म्हातारीने बोटं घातली आणि नाही म्हणून मान हलवली. सगुणाने पुन्हा दाबली, जोर लावून, मग आणखी एकदा. तिची टाच लहान होती आणि चिरलेली होती, खळगा तसा पडेना. म्हातारी प्रत्येक वेळी चाचपायची आणि हात मागे घ्यायची. खाडीकडून वारा येत होता, दोघींच्या अंगावर चिखल वाळत होता.

शेवटी म्हातारी बसल्या जागी टेकली. तिचे आंधळे डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती. तिने कमरेच्या पिशवीतून मिठाचा खडा काढला आणि हात पुढे केला. सगुणाचा हात शोधून तिने त्यात तो ठेवला.

"घे तुजी शप्पथ," ती म्हणाली. "त्याला बोलव. बांध घालून देऊ दे एक डाव. मी देते त्याला पानी. माज्या हातानं देते."

सगुणा मुठीत खडा धरून उभी राहिली. म्हातारी वाट पाहत होती, कान तिच्याकडे लावून. सगुणाने फावड्याचा दांडा डाव्या हाताने उभा धरला आणि उजवं मनगट त्यावर आपटलं. हिरव्या काचा चिखलात पडल्या. मग हात बदलून तिने दुसऱ्या मनगटाच्या फोडल्या. म्हातारीने कान टवकारला. तिने विचारलं, "कवा?"

"सावनात," सगुणा म्हणाली.

म्हातारीने हात पुढे करून काचा चाचपल्या, एक एक वेचून पदरात घेतल्या, पायाला लागतील म्हणून. मग सगुणाने फावडं उचललं, कारण पुनवेचं उधाण आठ दिवसांवर आलं होतं आणि बांध उघडा पडला होता.